तीन शिंपले आणि ६८,५०३ रुपये

आधी शिंपल्यांचंच सांगते, म्हणजे लाज एकदाच काय ती निघेल. वॉशिंग मशीनच्या पुढच्या बाजूला, खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. त्यामागच्या फिल्टरमध्ये तीन शिंपले आणि एक केसांची क्लिप अडकली होती. वाडीतल्या वायरमनच्या पोराने स्विच बंद केला, खाली परात सरकवली, फिल्टर उलटा फिरवून ओढला, वाटीभर काळं पाणी सांडलं आणि तळहातावर शिंपले धरून म्हणाला, "काकी, ह्यो बघा तुमचो आवाज." पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. हे मंगळवारी. माझे पैसे त्याआधीच्या शनिवारी गेले होते.

मालवणच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं होमस्टे आहे. नाताळातले पाहुणे सकाळी गेले, दुसरे संध्याकाळी यायचे होते, बारा चादरी धुवायच्या होत्या. पाहुण्यांची पोरं शिंपले गोळा करून खिशात ठेवतात आणि ती चड्डी तशीच धुवायला देतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण खिसे तपासायला त्या दिवशी वेळ कुणाला होता! मशीन पाणी सोडायला लागलं की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत असा खडखडाट. खाऱ्या हवेत आमच्याकडे लोखंड टिकत नाही, मशीनला पाच वर्षं झालेली, तेव्हा बेरिंगच गेलं असं मनाने घेतलं. बेरिंग गेलं की ड्रम जोरात फिरताना घरघर वाढत जाते, पाणी सोडताना नाही, हे आता कळतंय. आवाज नेमका कधी येतो एवढं जरी पाहिलं असतं तरी निम्मं काम झालं असतं.

कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधला. पहिला दिसला तो लावला. खरा नंबर वॉरंटी कार्डावर होता, मशीनवरच्या स्टिकरवरही होता. तो स्टिकर मी पाच वर्षं ओल्या फडक्याने पुसतेय.

माणूस हिंदीत बोलत होता, फार अदबीने. म्हणाला, फोन मशीनजवळ न्या, आवाज ऐकवा. मी न्हाणीघरात जाऊन मशीनसमोर फोन धरून उभी राहिले. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ड्रमचं बेरिंग आहे, चारपर्यंत इंजिनियर येईल. माझ्याच मनातलं बोलला, तिथेच मी विरघळले. मग व्हॉट्सॲपवर बुकिंगची फाईल आली. त्यात नाव, पत्ता, कार्ड नंबर भरायचा आणि ५ रुपये नोंदणी.

आता ऐका. त्याने मॉडेल नंबर विचारला नाही. मशीन पुढून उघडतं की वरून, तेही नाही. बँक कोणती, हे मात्र विचारलं! मशीनच्या दुरुस्तीला माझी बँक कशाला हवी? आणि फाईल उघडताना खुद्द फोनने अडवलं, हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय, धोका असू शकतो. "वो तो सबको आता है मॅडम," तो म्हणाला. मी परवानगीवर बोट ठेवलं. मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. ओटीपी मी कुणालाच सांगितला नाही, असं मी अजून ठासून सांगते, आणि ते खरंच आहे. सांगायची गरजच उरली नव्हती, ते ॲप परस्पर वाचत होतं. मी बी.कॉम. आहे, एकोणीस वर्षं पतपेढीत काम केलंय, लोकांना "सही करण्याआधी वाचा" म्हणणारी बाई मीच. पण ओल्या चादरी, संध्याकाळचे पाहुणे, हे बाजारात... असो.

"व्हेरिफिकेशन चालू आहे, तासभर फोनला हात लावू नका." मी चादरी पिळायला गेले. १२:१४ ला २४,९९९. १२:१६ ला पुन्हा २४,९९९. १२:३१ ला फोन पाहिला आणि पायातलं बळ गेलं. त्या क्षणी आधी फोनचं नेट बंद करायचं असतं. मी रडत रडत बँकेला फोन लावला.

बँकेच्या नंबरवर मराठीसाठी अमुक दाबा, कार्डासाठी तमुक दाबा, मग बासरी. बासरी वाजत असतानाच १२:५२ ला १८,५०० गेले. माणूस मिळाला १:०५ ला. आता बँक म्हणते, तुमची तक्रार १:०५ ची, तिन्ही व्यवहार त्याआधीचे, निष्काळजीपणा तुमचा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं होतं की ग्राहकाने कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. मी १२:३१ पासून कळवतच होते ना? कॉलची नोंद दाखवली. साहेब म्हणाले, "कॉल लागला म्हणजे कळवलं असं होत नाही." आणि हे ऐकायला मला सोमवार उजाडावा लागला, कारण तो चौथा शनिवार होता.

१९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, तिथे फोन चाळीस मिनिटांनी लागला. तिथल्या बाईंनी मात्र नीट लिहून घेतलं, ११,२०० रुपये पुढच्या खात्यात अडवले गेले. लागत नाही म्हणून सोडू नका, लावतच राहा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही भरा. पोलीस ठाण्यात साहेब थर्टी-फर्स्टच्या बंदोबस्ताला. हवालदाराने विचारलं, "ॲप कोणी घेतलं? तुम्हीच ना?" मग जिल्ह्याच्या ठिकाणी जा. एसटीने गेले, तर तिथे म्हणाले, आधी तुमच्या ठाण्यातून पत्र आणा. पत्रावर शिक्का नव्हता म्हणून परत. तीन फेऱ्यांचं एसटीभाडं मी हिशेबात धरलेलंच नाही. अडवलेले ११,२०० सुद्धा लगेच सुटत नाहीत म्हणे.

फोन पूर्ण रिसेट करून घ्या, नुसतं ॲप काढून भागत नाही. ##००२# डायल करा, कॉल दुसरीकडे वळवले असतील तर थांबतात. चादरींचा गोळा होऊन मशीन धडधडत असेल तर दोन कमी घाला. नवं मशीन नाचत असेल तर वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट काढलेत का बघा, पाय समतल करा. आणि महिन्यातून एकदा तो फिल्टर उघडा हो.

बँकेला लेखी तक्रार देऊन आज तेवीस दिवस झाले. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा हेच उत्तर आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं, फी नाही. निदान त्या १८,५०० साठी मी जाणार आहे. ह्यांचं म्हणणं, सोडून दे. शिंपले मी वाटीत घालून मशीनवर ठेवलेत. परवाच्या पाहुण्यांच्या मुलीने विचारलं, "आजी, हे मी घेऊ?" मी एवढ्या जोरात नाही म्हटलं की पोर घाबरली.