पिवळा ठिपका आणि सव्वीस मिनिटं: बस-ट्रॅकिंग अ‍ॅपचा सहा महिन्यांचा अनुभव, मिनेसोटाच्या हिवाळ्यासकट

सप्टेंबरात मी शाळेची बस कुठे आहे ते दाखवणाऱ्या या अ‍ॅपला पाच तारे दिले होते आणि ओळखीच्या चार मराठी घरांना ते आग्रहाने घ्यायला लावलं होतं. जानेवारीत सरळ एकावर आणलं. आता मार्च लागलाय, अंगणात अजून घोटाभर बर्फ आहे, पण माझं डोकं शांत झालंय, म्हणून नीट लिहायला बसले.

अ‍ॅप कसं चालतं ते तुम्हाला माहीतच आहे. बसमध्ये जीपीएस, नकाशावर पिवळा ठिपका, आपल्या स्टॉपभोवती आखलेलं वर्तुळ, बस त्यात शिरली की फोन वाजतो. अ‍ॅपचं आणि शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण निवड आपल्या हातात नसते. डिस्ट्रिक्टने, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, जे घेतलं असेल तेच आपण वापरतो, आणि अशा बऱ्याच अ‍ॅपमध्ये हाच दोष असू शकतो.

सप्टेंबर ते नोव्हेंबर माझी एकही तक्रार नव्हती. आमची बस 7:08 ची. ठिपका पेट्रोल पंपाजवळ आला की माझ्या लेकीने, ओवीने, बूट घालायचे, चर्चच्या वळणावर आला की दार उघडायचं. सकाळची दहा मिनिटं सुटली आणि त्या दहा मिनिटांत ती गरम पोळी बसून खायला लागली. आम्ही दोघंही नोकरी करतो, त्यामुळे ही दहा मिनिटं मला फार मोलाची होती. पाच तारे त्यासाठीच होते.

मग जानेवारीतला तो मंगळवार. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातला. तापमान उणे 10 फॅरनहाइट, म्हणजे उणे 23 सेल्सिअस, आणि ताशी 10 मैलांचा वारा. विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, उणे 28 फॅरनहाइट. हवामान खात्याच्या तक्त्यात या आकड्यासमोर लिहिलेलं असतं की उघड्या कातडीला 30 मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. आमच्याकडे शाळा बंद ठेवायचा विचार साधारण उणे 35 विंड चिलच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे शाळा चालू होती. जानेवारीच्या सुरुवातीला इथे सूर्य पावणेआठनंतर उगवतो. 7:08 ला मिट्ट काळोख.

7:04 ला अ‍ॅप म्हणालं: तीन मिनिटं. ठिपका पेट्रोल पंपाजवळ. आम्ही बाहेर पडलो. पायाखाली बर्फ कुरकुरत होता, फार थंडी पडली की त्याचा तसा कोरडा आवाज येतो. 7:10 ला अ‍ॅप म्हणालं, तीन मिनिटं. 7:15 ला, तीन मिनिटं. ठिपका तिथेच. मला वाटलं सिग्नलला अडकली असेल, आता येईल. घर चालत चार मिनिटांवर, आणि बस तीन मिनिटांवर दिसतेय, तर परत कोण जाणार? बस चुकली तर गाडीने सोडायला जाऊन-येऊन नऊ मैल आणि ऑफिसला अर्धा तास उशीर. म्हणून थांबलो. अजून तीन मिनिटं, अजून तीन मिनिटं असं करत थांबलो. 7:20 ला माझा फोन 38 टक्के बॅटरी असताना बंद पडला. शून्य सेल्सिअसच्या खाली फोन वापरू नका असं फोनच्या कंपन्याच सांगतात, पण ते आठवतं तोवर पडदा काळा झालेला असतो.

ओवीच्या पापण्यांवर श्वासाची वाफ गोठून पांढरी झाली होती. ती रडत नव्हती. फक्त म्हणाली, "आई, मला अंगठा कळत नाहीये." मी तिचा मिटन (चार बोटं एकत्र राहणारा जाड हातमोजा) काढला, माझ्या जॅकेटच्या आत काखेत तिचा हात धरला. अंगठ्याचं टोक मेणासारखं पिवळट दिसत होतं. ते मी विसरणार नाही.

समोरच्या घरातल्या आजींनी खिडकीतून आम्हाला पाहिलं आणि गराजचं दार वर केलं. आत बोलावलं, हीटर लावला, त्यांच्या फोनवरून बस ऑफिसला फोन लावून दिला. तेव्हा कळलं, बस पेट्रोल पंपाजवळ बंद पडली होती आणि यार्डातून दुसरी निघाली होती. सव्वीस मिनिटं आम्ही एका बंद पडलेल्या बसची वाट पाहत उभे होतो. अंगठा सुदैवाने पाऊण तासात गुलाबी झाला. कोमट पाण्यात धरला, चोळला नाही. हिमदंशाची शंका असेल तर कधीच चोळू नका, कातडीला इजा वाढते.

त्याच दुपारी मी अ‍ॅपला एक तारा दिला आणि बस ऑफिसला कडक मेल पाठवला.

इथपासून माझं मत बदलत गेलं. दुसऱ्या दिवशी डिस्पॅचवाल्या, म्हणजे कुठली बस कुठे पाठवायची ते बघणाऱ्या, बाईंचा स्वतःहून फोन आला. मला वाटलं होतं गुळगुळीत माफी मागतील. त्यांनी वीस मिनिटं मला त्यांची सकाळ सांगितली. पहाटे साडेचारपासून यार्डात मेकॅनिक असतात. प्रत्येक बसचं इंजिन रात्रभर ब्लॉक हीटरला जोडलेलं असतं, पण तो हीटर इंजिन गरम ठेवतो, टाकीतलं डिझेल नाही. डिझेलमध्ये मुळात मेण असतं. नेहमीचं दोन नंबरचं डिझेल साधारण उणे 10 सेल्सिअसच्या आसपास गढूळ व्हायला लागतं, त्याखाली मेणाचे कण फिल्टरमध्ये अडकतात. म्हणून हिवाळ्यात त्यात एक नंबरचं पातळ, महागडं डिझेल मिसळतात. तरीही कधी दगा होतो, आणि तो यार्डात होईलच असं नाही. बस सुरू होते, मैल-दोन मैल जाते, फिल्टर तुंबतो आणि रस्त्यात दम तोडते. आमच्या बसचं नेमकं हेच झालं होतं. शिवाय एअर ब्रेकच्या नळ्यांत ओलावा गोठतो, दारं चिकटतात, बाजूने बाहेर येणारी थांबा-पाटी अडकते. ड्रायव्हर निघण्यापूर्वी हे सगळं तपासते. आमची ड्रायव्हर साठीच्या पुढची आहे आणि काळोखात हातमोजे काढून त्या पाटीचं बिजागर चाचपते, हे ओवीने मला नंतर सांगितलं. या माणसांवर मी चिडले होते त्याचं मला वाईट वाटलं. मेल मागे घेता येत नाही. फोनवर माफी मागितली.

पण अ‍ॅपचा राग गेला नाही. उलट आता तो नेमका झाला. बसचं इंजिन बंद झालं की जीपीएस माहिती पाठवणं थांबवतं. ठिपका शेवटच्या जागेवर तसाच राहतो, तितकाच पिवळा, तितकाच ताजा दिसणारा, आणि खाली "तीन मिनिटं" हे शब्दही तसेच. शेवटची नोंद किती वाजता आली, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फक्त तेवढं! "7:04 ची नोंद" एवढे शब्द दिसले असते तर मी 7:10 ला लेकीला घेऊन घरी गेले असते. अ‍ॅपमध्ये बसचा रंग बदलायची सोय आहे, बाहेर पाऊस असेल तर ढगाचं चित्र येतं, वाढदिवसाला फुगे येतात. वेळ मात्र नाही. सर्व्हरकडे ती असणारच, वेळेशिवाय जीपीएसची नोंद होतच नाही. म्हणजे त्यांच्याकडे होती आणि त्यांनी दाखवली नाही. अ‍ॅपच नसतं तर मी 7:13 ला शहाणपणाने परत फिरले असते. ठिपक्यावर विश्वास ठेवला म्हणून उभी राहिले.

जानेवारीच्या शेवटी दुसरी बाजूही अनुभवली. ठिपका यार्डात, म्हणून आम्ही घरातच, आणि 7:11 ला खिडकीसमोरून बस निघून गेली. त्या दिवशी मूळ बस सुरूच झाली नव्हती, बदली बस वेळेवर आली होती, पण अ‍ॅपमध्ये आमच्या मार्गाला ती बस जोडलेली नव्हती. ते जोडायचं काम डिस्पॅचवाल्या बाईंनी वेगळ्या स्क्रीनवर जाऊन करायचं असतं. गोठलेल्या सकाळी त्या एकट्या, एका कानाला फोन, एका हातात रेडिओ. अ‍ॅपची खरी गरज ज्या सकाळी असते त्याच सकाळी ते काम राहून जातं.

कपड्यांबद्दल थोडं, कारण पहिल्या हिवाळ्यात नव्याने आलेले लोक मला हेच विचारतात. स्नो पँट नवी घेऊ नका. मी सेकंडहँड दुकानातून आठ डॉलरला घेतली, पायाच्या आतल्या शिवणीतला दोरा कापला की दोन इंच लांब होते, दोन हिवाळे निघतात. ओवीच्या आजीने साताऱ्याहून विणून पाठवलेले पाच बोटांचे लोकरीचे हातमोजे त्या मंगळवारी घरीच राहिले होते. नुसते घातले तर त्यांतून वारा जातो, पण वारा अडवणाऱ्या मिटनच्या आत घातले की दुकानातल्या कुठल्याही महागड्या हातमोज्याला भारी. आता ते रोज तसेच जातात. हँडवॉर्मरच्या पुड्या मी आधी अर्धा तास वापरून फेकून द्यायचे, जिवावर यायचं. आत लोखंडाची पूड असते, हवा लागली की तापते. झिपच्या पिशवीत हवा काढून बंद केली की तापणं थांबतं, संध्याकाळी परत वापरता येते. एक पुडी मी तीन फेऱ्या चालवली आहे. बुटात मात्र नीट तापत नाही, तिथे हवा पोचत नाही.

समोरच्या घरातल्या आजींना संक्रांतीला तिळगूळ दिला. त्या म्हणाल्या, 2 फेब्रुवारी 1996 ला उत्तरेत टॉवर गावी उणे 60 फॅरनहाइट झालं होतं आणि गव्हर्नरने राज्यभरातल्या शाळा बंद ठेवल्या होत्या. त्या वेळी त्यांची मुलं शाळेत जायची. अ‍ॅप नव्हतं, पण स्टॉपजवळच्या घराने दार उघडायचं हे गल्लीत ठरलेलं होतं. त्यांनी गराजचं दार उघडायचा कोड ओवीला दिलाय. आता आमचा स्टॉप म्हणजे ते गराजच. अशी सोय तुमच्या स्टॉपवर आत्ताच विचारून ठेवा, थंडी पडल्यावर नको. आणि बस ऑफिसचा नंबर कागदावर लिहून मुलाच्या दप्तरात ठेवा, फोन मेला तरी तो राहतो.

फेब्रुवारीच्या मध्यात अपडेट आलं. आमच्या डिस्ट्रिक्टमधून बऱ्याच पालकांनी तक्रारी केल्या होत्या, मी स्वतः तीन वेळा लिहिलं होतं. आता ठिपक्यावर बोट दाबलं की "शेवटची नोंद" आणि वेळ दिसते. बारीक राखाडी अक्षरांत, पांढऱ्यावर. काळोखात, मिटन घालून, बोट दाबून ती वाचायची. आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण मी परत लिहिलंय: ती वेळ दाबल्याशिवाय दिसू दे, मोठी दिसू दे, आणि दोन मिनिटांहून जुनी झाली की ठिपक्याचा रंग उडू दे. ते झालं तर चौथा तारा. बदली बस आपोआप जोडली गेली तर पाचवा. सध्या तीन. डिस्पॅचवाल्या बाई आता बस बदलली की सगळ्यांना एक ओळीचा मेसेज टाकतात, त्याचे तारे द्यायची सोय अ‍ॅपमध्ये नाही.

आज सकाळी उणे 4 फॅरनहाइट होतं. 7:06 ला मी जॅकेटची चेन लावत होते, ओवीने फोन डोळ्यांजवळ नेऊन ठिपका दाबला. "आई, ही 7:01 ची आहे. अजून नको बाहेर." पोळीचा उरलेला तुकडा तिने तिथेच उभ्याने खाल्ला. बस 7:15 ला आली.