ठाण्यात इमारत सी-१ ठरली तर: संक्रमण घर की रात्र निवारा?

पालिका धोकादायक इमारतींचे प्रवर्ग करते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक: रिकामी करायची आणि पाडायची. सी-२अ रिकामी करून दुरुस्त होते, सी-२ब मध्ये राहूनच काम चालतं. म्हणून नोटिशीवरचा प्रवर्ग आधी वाचा.

संक्रमण घर, म्हणजे इमारत रिकामी केल्यावर मिळणारं तात्पुरतं घर, कुटुंबाला सोयीचं. स्वयंपाक, संडास आतच. पण ते त्या इमारतीत राहत असल्याच्या पुराव्यावर मिळतं: भाडेकरार, वीजबिल, करपावती. बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेला भाडेकरू इथेच अडकतो. करार तोंडी, वीजबिल मालकाच्या नावावर, आधारवर गावचा पत्ता. यावर उपाय एकच, करार वेळेत नोंदवून ठेवणं. पुनर्विकासातल्या हक्कासाठी खोली सोडण्याआधी पालिकेकडून मोजणी करून क्षेत्रफळाचा दाखला घ्या. इमारत पडल्यावर मोजायला काही उरत नाही. (सामान हलवायच्या घाईत हेच राहून जातं.)

बेघरांसाठीचा रात्र निवारा वेगळा. तिथे अधिवासाची अट नाही, परप्रांतीयालाही जागा मिळते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा (ते २०२४ मध्ये संपलं) निकष माणशी किमान ५० चौरस फूट होता, म्हणजे खाट आणि पेटी. संसार मावत नाही, पुनर्विकासात हक्कही मिळत नाही. एकट्या मजुराला चालेल. बायकामुलं असतील तर आधी कुटुंबासाठी वेगळी सोय आहे का ते प्रभाग समितीत विचारा.