राणीछाप रुपया घ्यायचाय: सराफाकडून, नाणीवाल्या काकांकडून की ऑनलाइन?

दिवाळी जवळ आली की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला चांदीचा जुना रुपया कुठून घेऊ. नाशकात वाटा तीन, सराफ बाजार, एखादा छोटा नाणी डीलर नाहीतर मोबाईल, आणि मी तिन्हीकडे पैसे घालवलेत म्हणून सांगतो.

सराफाकडे रुपया म्हणजे चांदीचा तुकडा, वजन, दर, वर थोडं काही, झालं. ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा (आता सराफ तोळा म्हणतो तेव्हा १० ग्रॅम धरतो, तिथे घोळ होतो), त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध १०.६९ ग्रॅम, याला त्या दिवशीच्या दराने गुणलं की कळतं आपण किती जास्त देतोय. पण १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आणि १९४७ चा तर चक्क निकेलचा! पाटावर पूजेला ठेवायचा असेल तर सराफच बरा, फक्त राणीछाप नवे पाडलेलेही मिळतात, तेव्हा जुना की नवा ते तोंडाने विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

काकांकडे त्याच रुपयाला जास्त पडतात, हे खरंय. पण ते चहा मागवतात, ट्रे समोर ठेवतात, भिंग देतात आणि म्हणतात, "घे की हातात, कडेला धर फक्त." मी १८६२ चा बघून हुरळलो तर हसले, कारण तेच साल पुढे १८७४ पर्यंतच्या रुपयांवर छापत राहिले, त्यामुळे ते ढिगाने मिळतात. १९११ च्या रुपयाची गोष्टही त्यांनीच सांगितली, त्यावरच्या पंचम जॉर्ज राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी हत्ती बदलला. आणि आपल्या गावचा रुपया हवा असेल, म्हणजे मोगली नाव गुलशनाबाद असलेल्या नाशिकच्या टांकसाळीतला, मराठ्यांच्या काळातला पण मोगल बादशहा शाह आलमच्या नावाचा, तर काकांना पर्याय नाही, कारण ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, अर्धी फारसी अक्षरं बाहेरच राहिलीत, ती वाचून देणारा माणूस लागतो.

ऑनलाइन व्हरायटी भरपूर, दुर्मिळ नाणी तिथेच दिसतात, पण लिलावात बोलीवर कमिशन वेगळं लागतं ते आधी बघा. मी फोटो बघून एक रुपया मागवला, मस्त चकचकीत, हातात आला तर वरच्या कडेला झाळ (कडी जोडायचा डाख) काढल्याची खूण, म्हणजे कोणाच्या तरी माळेत कडी लावून होता. संग्रहासाठी किंमत पडली ना तिथेच. परत घेतला नाही अर्थातच.

अमेरिकेतल्या भाच्याला पाठवायचा विचार असेल तर १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही बरं का, कुठूनही घेतलेलं असो.

पहिलीच खरेदी असेल तर आधी त्र्यंबक रोडला अंजनेरीचं नाणी संग्रहालय बघा, मग काकांकडे जा, एकच घ्या. आणि पूजेचा रुपया वेगळा ठेवा. माझा काकांकडचा पहिला रुपया आईने लक्ष्मीपूजनाला रांगोळी लावून लख्ख घासला, काकांना दाखवला तर बराच वेळ उलटसुलट बघून नुसतं "अरेरे" म्हणाले.