व्हीटीचं मॅपिंग : धडधड चालू असताना की ठोके नीट पडत असताना?

हार्ट ॲटॅक येऊन काही वर्षं झाली, छातीत आयसीडी (धोकादायक वेगवान ठोके शॉक वगैरे देऊन थांबवणारं यंत्र) बसवलेला आहे आणि आता तो शॉक देऊ लागलाय. अशा घरात ॲब्लेशनचा, म्हणजे बिघडलेल्या ठोक्यांचं मूळ कॅथेटरनं (हृदयात नेलेल्या बारीक नळीनं) जाळण्याचा, विषय निघाला की खर्च विचारला जातो, धोका विचारला जातो. पण मॅपिंग, म्हणजे जाळायच्या जागेचा शोध, कसं करणार, हे बहुधा कुणी विचारत नाही. ते जरूर विचारावं.

ॲटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो, पण तो सलग नसतो. त्यात जिवंत तंतूंच्या बारीक वाटा उरतात. विद्युतसंदेश त्यांतून रेंगाळत जातो, आणि तो बाहेर पडेपर्यंत आजूबाजूचा स्नायू पुन्हा आकुंचन पावायला तयार झालेला असतो. मग तोच संदेश गोल फिरत राहतो. हीच व्हीटी (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया), हृदयाच्या खालच्या कप्प्यांतली वेगवान धडधड. आयसीडी ती थांबवतो, पण वाट तशीच राहते. ॲब्लेशनमध्ये ती जाळायची, त्यासाठी आधी सापडायला हवी.

पहिली पद्धत म्हणजे व्हीटी मुद्दाम सुरू करायची आणि ती चालू असतानाच कॅथेटर फिरवून संदेशाचा माग काढायचा. संशयित जागी व्हीटीपेक्षा किंचित वेगानं पेसिंग करतात (कॅथेटरमधून विद्युतठोके देतात) आणि ते थांबवल्यावर संदेश परत यायला किती वेळ लागतो ते बघतात. त्यावरून ती जागा त्या चक्रात आहे की नुसती शेजारी, हे कळतं. पुरावा इतका थेट दुसऱ्या कशात मिळत नाही. अडचण एकच, पण मोठी: बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब व्हीटीत कोसळतो, आणि तेवढा वेळ हाती राहत नाही. कधी व्हीटी सुरूच होत नाही, कधी एकीच्या जागी दुसरीच सुरू होते.

दुसऱ्या पद्धतीत ठोके नेहमीसारखे किंवा पेसिंगवर चालू ठेवून व्रणाचाच नकाशा काढतात. कॅथेटर आतल्या भिंतीला जिथे जिथे टेकतो तिथला व्होल्टेज नोंदला जातो. १.५ मिलिव्होल्टच्या वर निरोगी, ०.५ च्या खाली दाट व्रण, आणि मधली ती काठाची पट्टी. पडद्यावर निरोगी भाग सहसा जांभळा, व्रण लाल. खरी नजर मात्र रंगांवर नसते. मुख्य ठोक्याची नोंद संपल्यावर मागाहून उमटणारे चिमुकली, तुटक टोकं शोधायची असतात, कारण रेंगाळणाऱ्या वाटेची खूण तीच.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिस्टा’ चाचणीत या दोन धोरणांची समोरासमोर तुलना झाली. त्यातल्या ११८ रुग्णांना व्हीटी सोसत होती, म्हणजे पहिली पद्धत त्यांच्यात शक्य होती. तरीही फक्त त्यांची नेहमीची व्हीटी शोधून जाळली त्या गटात वर्षभरात ४८.३ टक्क्यांना ती परतली. सगळ्या व्रणावर ॲब्लेशन केलं त्या गटात १५.५ टक्क्यांना. मृत्यूच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. म्हणून माझा कल स्पष्टपणे दुसऱ्या पद्धतीकडे आहे, विशेषतः हृदयाचं पंपिंग कमी असेल किंवा व्हीटीत भोवळ येत असेल तर. सोसणारी, एकाच प्रकारची व्हीटी असेल तर अनुभवी ईपी (हृदयाच्या विद्युतक्रियेचे) डॉक्टर दोन्ही जोडून वापरतात, आणि ते उत्तम.

औषधांवर थांबावं का, हाही प्रश्न असतोच. अमिओडॅरोन काम करतं, पण थायरॉइड आणि फुप्फुसांवर लक्ष ठेवावं लागतं. २०२४ च्या ‘व्हॅनिश २’ चाचणीत सुरुवातीलाच ॲब्लेशन केलेल्यांत मृत्यू, व्हीटीचं वादळ (थोड्या वेळात वारंवार येणारी व्हीटी), शॉक वगैरे मिळून प्रमाण ५०.७ टक्के होतं, औषधांवर ६०.६. फरक आहे, पण ॲब्लेशननंतर सगळं संपलं असं कुणी सांगू नये. हृदयाभोवती रक्त साचणं, पक्षाघात हे धोकेही आहेतच.

एक अट दोन्ही पद्धतींना लागू: डाव्या कप्प्यात रक्ताची गाठ नाही ना, हे आधी इकोत बघून घ्यावं. आणि व्हीटी चालू असताना काढलेला ईसीजी घरात कुठे असेल तर तो शोधून न्या. बारा लीडच्या त्या एका कागदावरून व्हीटी भिंतीच्या कोणत्या भागातून बाहेर पडते याचा अंदाज येतो, आणि कॅथेटर आधी कुठे न्यायचा हे ठरतं. आयसीडी ती लगेच थांबवत असल्यामुळे असा कागद पुढे सहजासहजी मिळत नाही.