सायकलवर न्यायचा कॅमेरा: डब्यावरचा आकडा आणि आतला माल

राईडवर न्यायचा कॅमेरा घेताना जे फसतात, त्यांतले बरेचजण पैसे देण्याआधीच फसलेले असतात. ‘४के’, ‘२४ मेगापिक्सेल’, ‘३० मीटर वॉटरप्रूफ’, ‘५१२ जीबी’ असे आकडे बघून कॅमेरा ठरवला की विक्रेत्याचं अर्धं काम झालेलं असतं. आकडा छापायला शाईपलीकडे खर्च येत नाही.

सगळ्यांत जास्त खपणारा प्रकार म्हणजे दीड-दोन हजारांचा ‘४के ॲक्शन कॅमेरा’. नामांकित कॅमेऱ्यासारखाच चौकोनी, सोबत पारदर्शक केस आणि पंधरा-वीस प्लास्टिकचे माउंट. ४केची खरी फ्रेम ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेलची. या कॅमेऱ्यांत बरेचदा २० ते ५० लाख पिक्सेलचाच सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) असतो. उरलेले पिक्सेल आतली चिप शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरते. फाइलची माहिती उघडली की तिथे ३,८४० बाय २,१६० असंच दिसतं, म्हणून गिऱ्हाईक गप्प बसतं. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘इंटरपोलेटेड’ छापलेलं असेल तर विक्रेता कागदोपत्री खोटंही बोललेला नसतो.

हे पकडायला वर्तमानपत्राचं एक पान पुरतं, छोट्या जाहिरातींचं असलं तर उत्तम. ते भिंतीला चिकटवा, कॅमेरा दीड-दोन मीटरवर स्थिर ठेवा, दिवसाच्या उजेडात एकदा १०८०पीवर (फुल एचडी, ४केच्या निम्म्या लांबी-रुंदीची फ्रेम) आणि एकदा ४केवर अर्धा-अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. कंप्युटरवर दोन्हींतली एकेक फ्रेम काढा आणि १०८०पीची फ्रेम दुप्पट मोठी करून ४केशेजारी ठेवा. दोन्हींत अक्षरं सारखीच पुसट असतील, तर ४के नाममात्र आहे. फाइलचं वजनही बोलतं. चांगल्या कॅमेऱ्याचा ४के व्हिडिओ सेकंदाला साधारण ६० ते १२० मेगाबिट घेतो, म्हणजे मिनिटाला ४५० ते ९०० एमबी. तुमची एक मिनिटाची फाइल दीडशे एमबीच्या आसपास आटोपली, तर त्यात तपशील फारसा नाही. फ्रेमचा वेगही बघा. काही कॅमेरे ४केवर सेकंदाला १०-१५ फ्रेमच घेतात आणि उतारावरचा व्हिडिओ तुटक दिसतो. ही चाचणी माल परत करायच्या मुदतीत करा. पाकीट उघडताना लेबल, सील आणि सगळ्या बाजू दिसतील असा सलग, न कापलेला व्हिडिओ घेतला नसेल, तर ‘आम्ही दुसराच माल पाठवला होता’ या उत्तरापुढे काही चालत नाही.

‘वॉटरप्रूफ’चीही अशीच गंमत. या स्वस्त कॅमेऱ्यांच्या डब्यावरचे ३० मीटर हे पारदर्शक केसचे असतात, नुसत्या कॅमेऱ्याला पावसाच्या सरीपासूनही संरक्षण नसतं. केस बंद करून ताम्हिणीत किंवा वरंध्यात जुलैत नेलात तर आत वाफ धरते, कारण सकाळची दमट हवा आतच कोंडलेली असते, कॅमेरा तापतो आणि बाहेरून थंड पाऊस पडतो. सिलिका जेलची छोटी पुडी आत ठेवली तर फरक पडतो, पण केसमुळे आवाज घुमा येतो तो येतोच. आणखी एक छापील शब्द म्हणजे ‘गायरो स्टॅबिलायझेशन’, म्हणजे कॅमेऱ्याची हालचाल मोजून व्हिडिओ स्थिर करणं. खड्ड्यांच्या रस्त्यावर हँडलबार थरथरतं तेव्हा प्रत्येक फ्रेम मुळातच हललेली असते. फ्रेम सरळ रेषेत आणता येतात, पण पुसट झालेली फ्रेम स्पष्ट होत नाही.

खऱ्याखुऱ्या, महागड्या ॲक्शन कॅमेऱ्याबाबतही एक गोष्ट विकताना कोणी सांगत नाही. फोटोंसाठी तो मुळात चुकीची निवड ठरू शकतो. त्याची लेन्स इतका रुंद परिसर टिपते की समोरचा सह्याद्री फोटोत वारुळाएवढा होतो. चालत्या सायकलवरून फोटो घ्यायचे तर गणित असं: ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. शटर १/६० सेकंद उघडं असेल तर तेवढ्यात सायकल १४ सेंटिमीटर पुढे गेलेली असते आणि रस्त्याकडेची झाडं ओघळतात. १/१००० ला हे अंतर ८ मिलिमीटरवर येतं, पण पहाटे किंवा दाट झाडीत तेवढा उजेड नसतो. थांबून, एक पाय टेकवून फोटो घेणाऱ्याला जर्सीच्या मागच्या खिशात मावणारा, तीनशे ग्रॅमच्या आसपासचा कॅमेरा जास्त कामाचा. रिको जीआर ३ (२५७ ग्रॅम, झूम नाही, मोठा सेन्सर), सोनी आरएक्स१०० मालिकेतले एक इंची सेन्सरचे, किंवा पाऊस आणि आपटणं सोसणारे ऑलिंपसचे टफ टीजी-६ वगैरे (२५३ ग्रॅम, पण सेन्सर लहान). नवीन घ्यायला हे महाग पडतात, म्हणून लोक सेकंड हँडकडे वळतात आणि खरी गंडवणूक तिथे सुरू होते.

सायकलस्वाराचा कॅमेरा कशाने खराब होतो ते विक्रेत्यालाही माहीत असतं: धूळ, घाम आणि पडणं. बाहेर येणारी झूम लेन्स प्रत्येक वेळी आत-बाहेर होताना हवा ओढते, हवेबरोबर धूळ सेन्सरवर जाऊन बसते. लेन्स काढता येत नसल्यामुळे ती साफ करायची तर सर्व्हिस सेंटरला कॅमेरा उघडावा लागतो. विक्रेता नमुन्याचे फोटो दाखवतो ते एफ/२ किंवा एफ/२.८ चे, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडून घेतलेले, ज्यात हे डाग दिसतच नाहीत. तुम्ही ॲपर्चर (हे भोक) एफ/११ इतकं लहान करा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) सर्वांत कमी, आणि पांढऱ्या भिंतीचे किंवा निरभ्र आकाशाचे तीन फोटो घ्या. ते स्वतःच्या कार्डावर घेऊन मोठे करून बघा. तिन्ही फोटोंत एकाच जागी राखाडी ठिपके असतील तर धूळ आत आहे. ‘लेन्स पुसली की जाईल’ असं सांगतील, ते जात नाही.

पडलेला कॅमेरा ओळखायला विटांची भिंत शोधा. भिंतीला अगदी समांतर उभं राहून, झूम पूर्ण मागे घेऊन एफ/२.८ ला फोटो घ्या. तीन कोपरे नीट आणि एकच कोपरा कायम पुसट असेल, तर लेन्सचा अक्ष सरकला आहे, आणि त्याची दुरुस्ती परवडत नाही. कडेला पोच आलेली असते तिथे काळ्या मार्करने रंगवलेलं असतं, बोटाला थुंकी लावून घासलं तरी कळतं. स्क्रूची डोकी झिजलेली किंवा एक स्क्रू वेगळ्या रंगाचा असेल तर कॅमेरा आधी उघडलेला आहे. त्यानंतर कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. काही वेळा लेन्स आकाशाकडे, काही वेळा जमिनीकडे ठेवा आणि झूम टोकापासून टोकापर्यंत न्या. करकर ऐकू आली की वाळू आहे. मध्येच अडकून ‘बंद करून पुन्हा चालू करा’ असा संदेश आला की आतली फीत (रिबन केबल) किंवा गिअर गेलेला समजा. हे सगळं करायला विक्रेता नाही म्हणत असेल, बॅटरी कमी आहे म्हणत असेल, तर उठून या.

‘फक्त दोन हजार क्लिक झालेत’ यावर विसंबू नका. फाइलचा क्रमांक मेनूतून शून्यावर आणता येतो, आणि ९९९९ नंतर तो आपोआपही पहिल्यापासून सुरू होतो. त्यापेक्षा बॅटरी काढून पाच मिनिटांनी घाला. कॅमेरा दर वेळी तारीख-वेळ विचारत असेल, तर आतली लहान बॅटरी संपली आहे किंवा कॅमेरा बराच काळ पडून होता. पाण्यात चालणारा कॅमेरा जुना घेतला तर त्याच्या दारांचं रबर बघा. भेग, केसाचा तुकडा, वाळूचा कण, काहीही असलं तरी त्याला पाण्यातला कॅमेरा म्हणू नका.

मोटरसायकलवाल्यांनी सेकंड हँड फोन किंवा कॅमेरा घेताना एक जास्तीची तपासणी करावी. इंजिनच्या जोरदार कंपनांनी ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन (लेन्स हलवून चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा) बिघडू शकतं, असं ॲपलने २०२१ साली आपल्या आयफोनबाबत जाहीर सांगितलं. बिघडलेलं असेल तर झूम केल्यावर स्थिर धरूनही चित्र थरथरतं, कधी बारीक गुणगुण ऐकू येते. अशा वस्तू ‘फार कमी वापरलेली’ म्हणून विकल्या जातात, कारण बाहेरून एक ओरखडाही नसतो.

सील फोडायच्या आधीच वापरलेले ॲक्शन कॅमेरेही ‘नवीन’ म्हणून येतात. डीजेआय आणि इन्स्टा३६० चे कॅमेरे पहिल्यांदा चालू करताना मोबाइल ॲपमधून ॲक्टिव्हेट करावे लागतात. नवीन म्हणून घेतलेल्याने ते मागितलंच नाही, तर तो कोणीतरी आधी चालवलेला आहे. गोप्रोची नक्कल ओळखायला तो गोप्रोच्याच क्विक ॲपला जोडा. ॲपने मॉडेल ओळखलं आणि सिरियल नंबर बॅटरीच्या दारामागच्या आणि डब्यावरच्या नंबराशी जुळला, तरच पैसे मोजा.

आता पैशांचा भाग. छोट्या जाहिरातींत अर्ध्या किमतीला उत्तम कॅमेरा, विक्रेता ‘लष्करात’, नुकतीच बदली झाली, ओळखपत्राचा आणि गणवेशातला फोटो लगेच पाठवतो. भेट होणार नाही, कॅमेरा ‘आर्मी कुरिअरने’ येणार. आधी हजार-दोन हजार नोंदणीचे, मग पार्सलच्या पावतीचा फोटो, मग जीएसटी, मग ‘परत मिळणारं’ डिपॉझिट. प्रत्येक रक्कम आधीच्या रकमेच्या लोभाने दिली जाते. तुम्ही विकणारे असलात तर उलट डाव: ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’. यूपीआयमध्ये पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की तुमच्याच खात्यातून जाणार. भेटून व्यवहार करा, दिवसा करा, आणि पैसे कॅमेरा तपासल्यावर द्या.

मेमरी कार्डाची फसवणूक स्वस्त दिसते, पण नुकसान तिथेच सर्वांत जास्त, कारण अख्खी राईड जाते. ५१२ जीबी लिहिलेल्या कार्डात आत ८, १६ किंवा ३२ जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला (कार्डाचा कारभार बघणाऱ्या चिपला) खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॅमेऱ्याला आणि कंप्युटरलाही ते ५१२ च सांगतं. खरी जागा संपली की पुढचा डेटा हरवतो किंवा आधीच्यावर लिहिला जातो. फाइलींची नावं दिसतात, पण उघडत नाहीत. सेकंदाला १०० मेगाबिटने तासाला ४५ जीबी भरतात, म्हणजे १६ जीबीचं नकली कार्ड पहिल्या वीस-एकवीस मिनिटांनंतरचं काहीच ठेवत नाही, आणि हे घरी आल्यावर कळतं.

कार्ड आणल्याच दिवशी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफथ्री हा मोफत प्रोग्रॅम चालवा. तो कार्ड पूर्ण भरतो आणि परत वाचून पडताळतो. सेकंदाला ३० एमबीने १२८ जीबी भरायला सुमारे ७० मिनिटं लागतात, वाचायचा वेळ वेगळा, म्हणून संध्याकाळी लावून ठेवा. चाचणीआधी कार्ड रिकामं हवं आणि चाचणी पूर्ण जागेची हवी. पहिल्या एक-दोन जीबीची केली तर नकली कार्डही पास होतं. याच वेळी लिहिण्याचा वेगही दिसतो. व्ही३० (लिहिण्याच्या वेगाची खूण) छापलेल्या कार्डाने सेकंदाला किमान ३० एमबीचा वेग टिकवायला हवा, मात्र कार्ड रीडर यूएसबी ३ चा असावा, नाहीतर दोष रीडरचा आणि बोल कार्डाला.

बॅटरीचं थोडक्यात. आरएक्स१०० मालिकेत लागणारी सोनीची मूळ एनपी-बीएक्स१ बॅटरी १,२४० एमएएचची आहे. त्याच आकारात ‘२,५०० एमएएच’ कोणी देत असेल तर हसून पुढे जा. नकली बॅटरी वजनाला हलकी असते, आणि फुगली की खाचेत अडकते. ती टोकदार वस्तूने उचकटू नका.

बिल मागितलं की दुकानदार ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ म्हणतो. ते दोन हजार म्हणजे तुमची वॉरंटी. पक्क्या बिलावर १५ अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक हवा. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, दिल्ली ०७. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते दिसतं. आयात केलेल्या कॅमेऱ्याच्या डब्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि सर्व करांसह एमआरपीचं लेबल असावं लागतं. लेबलच नसेल तर माल ग्रे मार्केटचा, म्हणजे अधिकृत आयातदाराला वगळून आणलेला आहे, आणि ‘शॉप वॉरंटी’ म्हणजे त्या दुकानदाराचा मूड.

पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा, मग बँकेला. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ती गोठवता येते, त्यामुळे ‘उद्या बघू’ करू नका. व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, विक्रेत्याचा नंबर आणि पूर्ण चॅट हाताशी ठेवा, रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. खोटा ४के कॅमेरा किंवा खोटं कार्ड विकणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला. तिथे सुटलं नाही तर ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि विक्रेता दिल्लीचा असला तरी २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुमच्या जिल्ह्यातच दाखल करता येते.