इन्कॉइसची त्सुनामी सूचनासेवा: गोव्याच्या किनाऱ्यावर कितपत उपयोगाची?

हैदराबादच्या इन्कॉइसचे (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे) त्सुनामी केंद्र २००७ पासून चालते. सेवा मोफत आहे, 'समुद्र' ॲपवर मिळते आणि तिचा वेग वाखाणण्यासारखा आहे. समुद्रात मोठा भूकंप झाला की साधारण दहा मिनिटांत पहिले बुलेटिन निघते. त्यात भूकंपाचे ठिकाण, खोली, तीव्रता आणि त्सुनामीची शक्यता आहे की नाही एवढेच असते. लाटेची उंची आणि पोहोचण्याची वेळ पुढच्या बुलेटिनांत येते, आणि समुद्रतळावरच्या दाबमापकांची नोंद मिळाली की अंदाज सुधारतो. त्यामुळे पहिल्या बुलेटिनवर थांबू नये.

गोव्याला ही सेवा अंदमानपेक्षाही जास्त लागते. इथला मोठा धोका मकरानचा, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यावरच्या भूकंपपट्ट्याचा, आणि तो हजाराहून अधिक किलोमीटर दूर. जमीन हादरलेली इथे कदाचित जाणवणारही नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानची लाट मुंबईत सुमारे पाच तासांनी पोहोचली. उंची दोन मीटरच्या आसपास होती, माणसेही दगावली. चार हजार मीटर खोल पाण्यात लाट ताशी सातशे किलोमीटरने धावते, पन्नास मीटर खोलीवर तिचा वेग ऐंशीपर्यंत उतरतो. वेग घटला की उंची वाढते.

दोन मीटरवर अंदाज असेल तर लाल इशारा: किनारा सोडायचा. अर्धा ते दोन मीटरला नारिंगी: पुळणीवर आणि सखल भागात थांबायचे नाही. पण ही उंची किनाऱ्याच्या एका लांब पट्ट्यासाठी असते, इथेच सेवा तोकडी पडते. आग्वादच्या कड्यावर आणि मांडवीच्या मुखात एकच आकडा लागू पडत नाही. मांडवी-जुवारी नद्यांची मुखे रुंद आहेत. लाट आत शिरते, प्रवाह उलटसुलट होतात, खाजणांचे (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनींचे) बांध आणि मानशी (पाणी अडवणारी दारे) धोक्यात येतात. शिवाय उधाणाच्या भरतीओहोटीत इथे सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. नारिंगी इशारा ऐन भरतीला आला तर तो लाल समजूनच वागावे.

दक्षिण गोव्यातल्या मोबोरला तर नकाशा आधीच पाहून ठेवावा. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला साळ नदी. 'आत पळा' म्हटले तरी वाट नदीवर संपते. वेळ असेल तर रस्त्याने उत्तरेकडे निघावे, नसेल तर पक्क्या काँक्रीटच्या इमारतीचा तिसरा मजला गाठावा. फेरीबोटीवर विसंबू नये. समुद्रातल्या ट्रॉलरनी जेटीकडे परतू नये. पहिली लाट सर्वांत मोठी असेलच असे नाही, म्हणून धोका टळल्याचे बुलेटिन येईपर्यंत खाली उतरू नये.

ॲपला नोटिफिकेशनची परवानगी द्यावी आणि फोनच्या बॅटरी-बचतीतून ते वगळावे, नाहीतर रात्रीची सूचना सकाळी दिसेल.