ट्रक हवाच, पण आधी ट्रेलर द्या: मोठ्या ट्रकच्या मॉडेल किटचा एक आढावा

१:२५ आणि १:२४ या प्रमाणांतील मालवाहू ट्रकची प्लॅस्टिक किट जोडणाऱ्यांना नवीन काय हवे, असे विचारले की पहिली काही नावे ठरलेली असतात. पीटरबिल्ट ३७९, केनवर्थ डब्ल्यू९००एल, फ्रेटलाइनर कॅस्केडिया. आणि युरोपीय ट्रककडे ओढा असेल तर स्कॅनियाची किंवा डॅफची अगदी अलीकडची केबिन. ट्रेलरचे नाव आलेच तर ते यादीच्या तळाशी, आणि तेही ‘एखादा चांगला ट्रेलर’ इतक्या मोघम शब्दांत. सध्या मिळणाऱ्या किटकडे पाहता मला हा क्रमच उलटा वाटतो. नव्या ट्रकची उणीव आहे, पण ती सोसण्याजोगी आहे. खरी टंचाई आजच्या रस्त्यावर दिसणाऱ्या ट्रेलरची आहे.

ट्रकच्या बाबतीत एएमटी, एमपीसी आणि अर्टल या किट कंपन्यांच्या जुन्या साच्यांनी आपल्याला बरेच काही दिले आहे. एएमटीचे पीटरबिल्ट ३५९, केनवर्थ डब्ल्यू-९२५, फोर्ड लुईव्हिल, शेव्हरोले टायटन ९० आणि ऑटोकार. एमपीसीचे मॅक आर६८५ आणि डीएम८००. अर्टलचे इंटरनॅशनल ट्रान्सस्टार आणि पेस्टार ५००० ही सारी परंपरा प्रामुख्याने १९७०च्या दशकातली. हे तिन्ही वारसे पुढे अर्टलकडे एकत्र आले, आणि आता राऊंड टू ही कंपनी एएमटी व एमपीसीच्या नावांनी त्यांतली किट आलटून पालटून पुन्हा बाजारात आणते. पन्नास वर्षांपूर्वीचा साचा म्हटला की भागांच्या कडांना पातळ पापुद्रे, चासीच्या दोन पट्ट्या सरळ आणि समांतर बसवताना होणारी कसरत, आणि चिकटवण्यापूर्वी खरवडून काढावा लागणारा क्रोमचा मुलामा हे ओघाने आलेच. तरीही इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंगच्या पट्ट्या, हवेच्या टाक्या, डिझेलच्या टाक्या असे सगळे सुटे देण्याचा त्या काळातला उदारपणा आज कोणी सहज दाखवणार नाही. ज्याला सावकाश काम करायचे आहे, त्याच्यासाठी ही किट अजूनही उत्तम आहेत, आणि नव्या डिकॅलसह (मॉडेलवर चिकटवायच्या अक्षर-चित्रांसह) आलेली आवृत्ती जुन्या पिवळ्या पडलेल्या डिकॅलच्या डब्यापेक्षा निश्चितच बरी.

अडचण सुरू होते ती या ट्रकच्या मागे काय जोडायचे या प्रश्नापाशी. एएमटीच्या काळातला फ्रूहॉफ या ट्रेलर कंपनीचा व्हॅन (बंद पेटीचा) ट्रेलर ४० फुटी आहे. १:२५ प्रमाणात तो जेमतेम ४९ सेंटिमीटर भरतो. पीटरबिल्ट ३५९च्या मागे तो शोभतो, कारण दोघे एकाच काळातले आहेत. पण अमेरिकेत १९८२च्या वाहतूक कायद्याने चित्रच बदलले. त्यापूर्वी अनेक राज्यांत ट्रक आणि ट्रेलर यांच्या एकूण लांबीवर मर्यादा होती, म्हणून चालकाला इंजिनावर बसवणाऱ्या चपट्या तोंडाच्या केबिनला महत्त्व होते: ट्रक जितका आखूड, तितका ट्रेलर लांब. नव्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवर ही एकूण लांबीची अट काढली, ४८ फुटी ट्रेलरला आणि १०२ इंच रुंदीला मान्यता दिली, आणि पुढे ५३ फूट हेच नेहमीचे माप झाले. चपट्या तोंडाचे ट्रक अमेरिकी रस्त्यांवरून हळूहळू कमी झाले, ते बरेचसे यामुळे. १:२५ प्रमाणात ५३ फूट म्हणजे ६४.६ सेंटिमीटर, आणि रुंदी पावणेदहावरून १०.४ सेंटिमीटरच्या आसपास जाते. म्हणजे कोणी उद्या अगदी बिनचूक ३७९ काढला आणि त्यामागे जुना ४० फुटी, अरुंद ट्रेलर लावला, तर नव्या बैलांना आजोबांची गाडी जुंपल्यासारखे दिसेल.

मागणी करताना निर्मात्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. साडेचौसष्ट सेंटिमीटरची सलग भिंत ओतायला मोठे यंत्र, मोठा पोलादी साचा आणि दुकानाच्या फळीवर न मावणारा डबा लागतो. त्यामुळे भिंत दोन तुकड्यांतच येणार, आणि त्या दोन तुकड्यांचा सांधा लपवायचा कुठे, यावर संपूर्ण किटचे यश अवलंबून राहणार. इथे ट्रेलरचा प्रकार निवडण्यातच शहाणपण आहे. ज्या व्हॅनच्या भिंतीवर बाहेरून उभे खांब असतात, तिचा सांधा एखाद्या खांबाच्या कडेला अलगद दडवता येतो. याउलट गुळगुळीत पांढऱ्या भिंतीच्या शीतपेटी ट्रेलरवर तोच सांधा कितीही पुट्टी भरून घासला तरी तिरप्या उजेडात दिसतो. मागणीच्या दृष्टीने शीतपेटीचे आकर्षण जास्त, कारण पुढच्या भिंतीवरचे थंड करणारे यंत्र, त्याची जाळी आणि खाली लटकणारी डिझेलची टाकी यांमुळे मॉडेलला चेहरा मिळतो. पण पहिला नवा साचा खांबवाल्या व्हॅनचा निघाला तर मी तक्रार करणार नाही. त्यातच मधला एक तुकडा वगळून ४८ फुटी आवृत्ती जोडता येईल अशी रचना केली, तर एकाच साच्यातून दोन काळ साधतील. सपाट बिछान्याचा ट्रेलर तर याहून सोपा: भिंती नाहीत, छत नाही, आणि फळ्यांच्या रेषांमध्ये सांधा आपोआप हरवतो. इतका कमी खर्चाचा आणि इतका उपयोगी विषय इच्छायाद्यांत इतका क्वचित दिसतो, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

युरोपीय बाजूला परिस्थिती थोडी बरी आहे. तिथे एकूण लांबी अजूनही १६.५ मीटरपर्यंत बांधलेली असल्याने चपटे तोंड टिकले, आणि इटालेरी या किट कंपनीने १:२४ प्रमाणात स्कॅनिया, व्होल्व्हो, डॅफ, इव्हेको यांच्या ट्रकबरोबर कंटेनरचे आणि टाकीचे ट्रेलरही दिले आहेत. स्कॅनिया एस७७०सारखे अलीकडचे किट पाहिले की नव्या साच्याचा फरक लगेच कळतो. मात्र तिथल्या रस्त्यावर सर्वांत जास्त दिसणारा १३.६ मीटरचा, बाजूला सरकत्या पडद्यांचा, तीन धुऱ्यांचा आणि प्रत्येक टोकाला एकेकच रुंद टायर असलेला ट्रेलर नव्या साच्यातून हवा. पडदा ताठ प्लॅस्टिकचा देऊन त्यावर पट्ट्या आणि बकले कोरलेली असावीत. कापडी पडद्याची कल्पना ऐकायला छान, पण प्रमाणात कापडाचा धागा फार जाड दिसतो.

एक सूचना इथेच करायला हवी: १:२४चा ट्रेलर १:२५च्या ट्रकला जोडून काम भागवण्याचा मोह टाळावा. चार टक्क्यांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण ट्रेलर ज्या चकतीवर टेकतो, तिची उंची दोन मिलिमीटरने चुकते आणि ट्रेलर नाक खाली घालून उभा राहतो.

आता नव्या ट्रककडे. नवा साचा निघतो, हे मोबियस या किट कंपनीने इंटरनॅशनल लोनस्टार या ट्रकच्या १:२५ किटने दाखवून दिले आहे. पण पुढचा विषय निवडताना सर्वांत देखणा ट्रक कोणता, यापेक्षा एका चासीवर किती केबिन बसतील, हा निकष मला महत्त्वाचा वाटतो. तीन धुऱ्यांची एक चांगली चासी, एक विश्वासार्ह इंजिन, हवेच्या गादीचे निलंबन (सस्पेन्शन) आणि दोन लांबींच्या पट्ट्या एवढे नीट केले, तर त्यावर झोपण्याची खोली असलेली केबिन, नसलेली केबिन, डंपर आणि टँकर असे चार डबे निघू शकतात. म्हणून १९८७ ते २००७ एवढ्या काळात बनलेला पीटरबिल्ट ३७९ माझ्याही यादीत वर आहे. त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या करायला वाव भरपूर. कॅस्केडियाला लोक कंटाळवाणा म्हणतात, आणि तो आहेही. पण आजचा महामार्ग मांडायचा असेल तर त्याच्याशिवाय चित्र खोटे वाटते.

चाके आणि टायर यांच्याबद्दल मी अधिक हट्टी आहे. अठरा चाकी गाडीत टायरच मॉडेलचा निम्मा ठसा उमटवतात. मऊ व्हिनाइलचे टायर काही वर्षांनी प्लॅस्टिकच्या रिमला चिकटून तिला विरघळवतात, कारण व्हिनाइल मऊ ठेवणारे द्रव्य पॉलिस्टायरिनमध्ये झिरपते. कठीण रबराचे किंवा दोन अर्ध्यांत जोडायचे प्लॅस्टिकचे टायर हे यावरचे सरळ उत्तर आहे. शिवाय दहा नटांच्या आजच्या ॲल्युमिनिअम रिम आणि बुटके ट्यूबलेस टायर यांचा संच वेगळ्या डब्यात विकला, तर जुन्या किटनाही एका दिवसात पंधरा वर्षांनी तरुण करता येईल.

उघडणारे दरवाजे, पेटणारे दिवे, आणखी एक क्रोमने मढवलेली विशेष आवृत्ती या मागण्या मी बाजूला ठेवतो. उघडणारा दरवाजा बहुधा नीट बंद होत नाही.

सध्या खरेदी करायची असेल, तर संपूर्ण जोडी हवी असणाऱ्याने युरोपीय ट्रक आणि ट्रेलर एकाच निर्मात्याचे, एकाच प्रमाणातले घ्यावेत. अमेरिकी ट्रकच हवा असेल तर १९८२पूर्वीचा काळ निवडून पीटरबिल्ट ३५९ आणि ४० फुटी फ्रूहॉफ एकत्र जोडावेत. त्या जोडीत काहीही विसंगत दिसत नाही. लोनस्टार मात्र ट्रेलरशिवाय, सुटाच मांडायची तयारी असेल तरच घ्यावा.